पाणी आमचं, रूळ कंपनीचे

माझ्या आजीनं ट्रामचं तिकीट उभ्या आयुष्यात स्वतःहून कधी काढलं नाही. ट्रामच्या ड्रायव्हरची बायको म्हणून नव्हे. तसला मान मागणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि आबांनी तो मागूही दिला नसता. तिचं म्हणणंच वेगळं होतं. कंडक्टर पंच टकटकवत बाकाजवळ आला की ती पदर सावरून ताठ बसायची आणि सांगायची, "पानी आमचं हाय. तिकीट कसलं मागतुस?"

नवा कंडक्टर असला तर गोंधळून जायचा. जुने हसून पुढे सरकायचे, आणि संध्याकाळी आबा मुकाट्यानं तिचे पैसे भरायचे. एकदा एका तरुण पोरानं मात्र तिला गाठलं. म्हणाला, "असंल मावशी, पाणी तुमचं. पण रूळ कंपनीचे हायत." सगळी ट्राम हसली म्हणे. तेव्हापासून आमच्या घरात ती म्हणच झाली. सणाला नवे कपडे मागितले, सायकल मागितली, परीक्षेनंतर सिनेमाला पैसे मागितले, की माझे वडील, अण्णा, म्हणायचे, "पाणी तुमचं, रूळ कंपनीचे." विषय संपला.

मीही ही गोष्ट विनोद म्हणूनच ऐकत मोठी झाले. आजी हट्टी, आजी भोळी, आजीचं आपलं काहीतरी.

२०१७ साली फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीचं काम चाललं होतं, तेव्हा रस्त्याखाली ट्रामचे जुने रूळ सापडले. पेपरात फोटो आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर सटकून मी हुतात्मा चौकात गेले. पत्र्यांच्या आडोशातून दिसलं तेवढं पाहिलं: गंजून तपकिरी पडलेले दोन पट्टे, चाकाची कड बसावी म्हणून ठेवलेली खाच, त्या खाचेत दाबून बसलेली माती. शेजारी एक गृहस्थ मोबाइल उंच धरून फोटो काढत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "एका आण्यात केवढी लांब जायची माहितीये!" ट्रामचा विषय काढा, मुंबईकर हेच सांगणार. आण्याचा हिशोब, चालत्या गाडीतून उतरायची ऐट, संथ चाल, ठणठण घंटा. फार गोड आठवणी, आणि मला त्या थोड्या जास्तच गोड वाटतात. ट्राम चालायची कशावर, याचं उत्तर "विजेवर" या एका शब्दात उरकतं. आबांच्या नातीला तो शब्द पुरत नाही.

कारण पहिली ट्राम विजेवर चाललीच नाही. ती गवतावर चालली.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. खरं तर ती नऊ वर्षं आधीच यायची. स्टर्न्स आणि किट्रेज या अमेरिकन मंडळींनी १८६५ सालीच परवानगी काढली होती. पण अमेरिकेतली यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्याबरोबर मुंबईची तेजीही. कापसाच्या पैशावर उड्या मारणारं शहर एका वर्षात दिवाळखोर झाल्यावर ट्राम कोण टाकणार? पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली आणि मग गाडी खरंच रुळावर आली. सुरुवातीला भाडं तीन आणे, आणि तिकीट हा प्रकारच नव्हता. गर्दी वाढली तसं भाडं दोन आण्यांवर आणलं, आणि फुकट्यांना आळा घालायला त्याच वर्षी तिकिटं सुरू केली. म्हणजे आजीची परंपरा ट्रामच्या पहिल्या वर्षापासूनची.

कंपनीच्या तबेल्यांत नऊशे घोडे होते असं सांगतात. एवढे कशाला, असा प्रश्न मला आधी पडला होता. पण घोडा काही दिवसभर ओढू शकत नाही. चार-पाच तास झाले की त्याला सोडावं लागतं, आणि गाडी तर पहाटेपासून रात्रीपर्यंत फिरायची असते. एका गाडीमागे चार-पाच जोड्या सहज लागतात. शिवाय आजारी, लंगडे, नाल निघालेले. लोखंडी रुळाची करामत एवढीच की खडबडीत रस्त्यावर जेवढ्या जोरात एक गाडी हलते, त्याच जोरात रुळावर कितीतरी जास्त माणसं जातात. पण जोर घोड्याचाच, आणि घोड्याचा जोर चंदीचा आणि गवताचा. नऊशे तोंडांचं गवत फोर्टात उगवत नव्हतं. ते रोज शहराबाहेरून यायचं, आणि लीद रोज शहराबाहेर न्यावी लागायची.

घोड्यांवर विसंबलेल्या शहराचं काय होतं ते अमेरिकेनं १८७२ मध्ये पाहिलं. घोड्यांना साथीचा ताप आला, तबेलेच्या तबेले आजारी पडले आणि शहरांच्या ट्रामगाड्या जागच्या जागी थांबल्या. काही ठिकाणी माणसांनी खांदा लावून गाड्या ओढल्या. त्यानंतर घोड्याला पर्याय शोधण्याची घाई सुटली नसती तरच नवल. सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ साली रस्त्याखालून सतत धावणारा लोखंडी दोर टाकला. गाडीनं तो चिमट्यात पकडायचा, थांबायचं तर सोडायचा. फ्रान्समधल्या नांतमध्ये १८७९ साली दाबलेल्या हवेच्या टाक्यांवर ट्राम चालली. कलकत्त्यानं वाफेचं इंजिन जुंपून पाहिलं. कुणी गाडीत बॅटऱ्या भरल्या. त्या एवढ्या जड निघाल्या की गाडीचा निम्मा जोर स्वतःच्या बॅटऱ्या वाहण्यातच जायचा.

१८८१ मध्ये बर्लिनजवळ सीमेन्सनं विजेची ट्राम आणली तेव्हा वीज थेट रुळांतून सोडली होती. रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांना झटके बसायचे. घोड्याची जागा घ्यायला निघालेल्या गाडीनं आधी घोड्यालाच चावावं, हे मला उगाच खटकतं. प्रश्न सुटला तो १८८८ मध्ये, अमेरिकेतल्या रिचमंडला. फ्रँक स्प्रेग नावाच्या इंजिनिअरनं तार डोक्यावर घेतली, गाडीच्या टपावर स्प्रिंगची दांडी बसवली आणि दांडीच्या टोकाचं चाक खालून तारेला टेकवलं. चढउतारांच्या त्या गावात गाड्या धावल्या आणि पुढच्या काही वर्षांत जगभर तीच पद्धत पसरली. आपल्याकडे मद्रासनं १८९५ मध्येच विजेची ट्राम आणली, पण तार रस्त्यातल्या खाचेत पुरून. आपल्या पावसात जमिनीतली खाच किती दिवस कोरडी राहणार! त्यांनाही शेवटी तार वर टांगावी लागली.

मुंबईत १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली. बेस्टमधला 'टी' मूळचा ट्रामवेजचा. १९४७ मध्ये कारभार महापालिकेकडे गेला तेव्हा तो ट्रान्सपोर्टचा झाला, अक्षर तेच राहिलं. लोक मात्र नंतरही 'कंपनी'च म्हणत राहिले. वाडीबंदरला ४,३०० किलोवॉटचं वीजघर बांधलं आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. घोडे सुटले. पण वाडीबंदरला जळत होता तो कोळसा. म्हणजे गवत गेलं आणि त्याच्या जागी धूर आला, फक्त तो तबेल्यासारखा रस्त्यावर दिसत नव्हता. १९१२ मध्ये माझगावला दुसरं वीजघर झालं. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. आबा पुढे तीच चालवायचे.

आबा उभ्यानं गाडी चालवायचे. तीस-बत्तीस वर्षं रोज सात-आठ तास उभे. निवृत्त झाल्यावर त्यांचे गुडघे वाकायला नकार द्यायचे, आणि पानावर बसताना ते आधी भिंतीला हात लावायचे. डावा हात कंट्रोलरच्या हँडलवर, उजवा ब्रेकवर, पायाखाली घंटा. मी पाचवी-सहावीत असताना त्यांनी मला पितळी डब्याचं झाकण फिरवून ते हँडल शिकवलं होतं. त्याला खटके असतात. पहिल्या खटक्यांवर गाडीखालच्या दोन मोटारी एकीमागे एक जोडलेल्या असतात. विजेचा दाब दोघींत वाटला जातो आणि गाडी हळू निघते. पुढच्या खटक्यांवर त्याच मोटारी शेजारी-शेजारी येतात, प्रत्येकीला पुरता दाब मिळतो आणि गाडी पळते. "एकदम पुढं नाय सारायचं," आबा झाकण धरून सांगायचे. "बैल जुंपल्याबरोबर पळवतोस का? आधी पाऊल उचलू दे." हिसका दिला की उभी माणसं एकमेकांवर पडायची आणि आतून शिव्या यायच्या. आबांना आपल्या ट्राममधून शिवी ऐकू आली नाही, याचा अभिमान होता. मी त्यावर कधी पूर्ण विश्वास ठेवला नाही.

पावसाळ्यात रूळ गुळगुळीत झाले की चाकापुढे वाळू सोडायची. सखल भागात पाणी साचलं की मोटारी भिजू नयेत म्हणून लांबच थांबायचं आणि माणसं उतरून चालायला लागायची. वळणावर कधी दांडी तारेवरून सुटायची. निळा लोळ उठायचा, सगळे दिवे जायचे आणि कंडक्टर मागे जाऊन दोरी ओढत अंधारात ती तार शोधायचा. "तेवढा वेळ," आबा म्हणायचे, "गाडी म्हणजे नुसतं लाकूड."

वीज कशी येते तेही त्यांनीच सांगितलं होतं. तारेतून दांडीत, दांडीतून कंट्रोलरमध्ये, तिथून मोटारीत, मोटारीतून चाकात आणि चाकातून रुळात. रुळांतून ती आल्या ठिकाणी परत जाते. हुतात्मा चौकात पत्र्याच्या फटीतून बघताना मला हेच आठवलं. तिथले सगळे त्याला गाडीची वाट समजत होते. आबांच्या हिशोबानं ती परतीची तार होती.

पण परत कुठे?

बेस्टनं १९१६ पासून बाहेरची वीज विकत घ्यायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत सगळी बाहेरूनच घेऊ लागली. ही वीज सह्याद्रीतली. लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं होतं. मग आंदर मावळात ठोकरवाडीचं धरण आणि खाली भिवपुरीचं वीजघर, १९२२ मध्ये. मग मुळशीचं धरण आणि भिरा, १९२७ मध्ये. तिन्हीकडची युक्ती एकच. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस तलावात अडवायचा आणि घाटाच्या पश्चिमेला नळांतून दीड हजार फुटांहून जास्त खाली सोडायचा. त्या जोरावर चक्रं फिरतात. पाणी मग पाताळगंगेतून, उल्हासातून, कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं.

त्याला जायचं होतं पूर्वेला. इंद्रायणीचं पाणी देहूवरून, आळंदीवरून, मुळेचं पुण्यावरून, आणि दोन्ही शेवटी भीमेतून पंढरपूरला. आजी वारकऱ्याची पोर. तिच्या भाषेत तिनं हे मला एकदाच सांगितलं होतं, निवडायला घेतलेल्या तांदळावरून नजर न उचलता. "इठोबाकडं चाललं हुतं त्ये. ह्यांनी धरून ट्रामला जुपलं."

तिचं माहेर मुळशी पेट्यातलं. धरणाचं काम अडवायला १९२१ च्या रामनवमीला मावळे जाऊन बसले तेव्हा ती सहा वर्षांची होती. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव त्याच सत्याग्रहात मिळालं. 'जान किंवा जमीन' ही तिथली घोषणा. पुस्तकात हे सगळं वाचलं की अंगावर काटा येतो. आजीच्या आठवणीत मात्र घोषणा नव्हती. बायकांच्या घोळक्यात चालून चालून दुखलेले पाय होते, कुणीतरी हातावर ठेवलेला गुळाचा खडा होता, आणि तिच्या बापाचं गप्प होणं. तिचा बाप कूळ. जमीन पुण्याच्या सावकाराच्या नावावर. सावकारानं मोबदला घेतला आणि मोकळा झाला; कसणाऱ्याच्या हाती काही आलं नाही. पेट्यातल्या कितीतरी घरांची हीच गत झाली आणि सत्याग्रह आतूनच खचत गेला. भात पिकवणारी बावन्न गावं, त्यांतली खाचरं, आंबे, देवळं. पाणी चढत गेलं. आजीचं लग्न झालं, ती नायगावच्या बीडीडी चाळीत आली आणि नवऱ्याच्या ट्राममध्ये बसली.

मी नंतर तारखा जुळवून पाहिल्या. सवय वाईट असते. आजीचा दावा सुरुवातीची काही वर्षं तरी खोटा ठरतो. ट्राम सह्याद्रीच्या पाण्यावर आधीच आली खरी, पण मुळशीचं पाणी भिऱ्यात उतरलं ते १९२७ नंतर. आधी ट्राम ओढली ती लोणावळ्यानं आणि आंदर मावळानं. आणि एकदा सगळ्या तारा एकमेकींना जोडल्या की कुठल्या चाकाला कुठल्या तलावाचा जोर लागला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आजी हयात असताना मी हे तिला सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. तांदळातला खडा काढून माझ्या हातावर ठेवला असता.

मुळशीला मी पहिल्यांदा गेले ती आजी गेल्यानंतर, एका मे महिन्यात. पाणी बरंच उतरलं होतं. काठावर रिसॉर्टच्या पाट्या, मक्याचं कणीस भाजणारे, सेल्फी घेणारी कॉलेजची पोरं. खाली भेगाळलेल्या गाळात घरांची जोती उघडी पडली होती. चौकोन, त्याला लागून छोटा चौकोन, बहुधा गोठा. आजीचं घर त्यांतलं असायचं काही कारण नव्हतं, तरी मी बराच वेळ मोजत बसले.

ट्रामचं पुढचं लवकर सांगून टाकते, कारण त्यात रहस्य काही नाही. १९२६ मध्ये बस आली. ती अडथळा दिसला की वळसा घालून जायची. ट्राम रुळावर उभी राहून घंटा बडवायची. मोटारी वाढल्या तशी रस्त्याच्या मधोमध चालणारी ट्राम सगळ्यांच्या डोळ्यांत सलायला लागली. एकेक मार्ग बंद होत गेला. मध्येच १९६२ मध्ये ट्रॉलीबस आली, डोक्यावर तारा आणि पायात रबर, गवालिया टँक ते माझगाव डॉक. आबा तिला 'चपला घातलेली ट्राम' म्हणायचे. तीही १९७१ मध्ये गेली. दादर टी.टी., म्हणजे ट्राम टर्मिनस, मात्र अजून टी.टी.च आहे. हल्ली तिथून मी विजेच्या बसमध्ये चढते. दांडी नाही, तार नाही. पोटात बॅटऱ्या आहेत, ज्या सव्वाशे वर्षांपूर्वी जड म्हणून टाकून दिल्या होत्या. आवाज नाही म्हणून लोक खूश असतात. मला खिडकीशी बसून उगाच वाटतं, हिला कोण ओढतंय ते कंडक्टरला विचारावं. विचारत नाही. तो मोबाइल बघत असतो आणि मागे रांग असते.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली. तिच्यावर आबांची ड्यूटी नव्हती, पण ते गणवेश चढवून टी.टी.ला जाऊन उभे राहिले. अण्णा तेव्हा कॉलेजात होते, तेही गेले. आजी गेली नाही. अण्णा सांगतात, गर्दी एवढी होती की गाडी दिसण्याआधी घंटाच ऐकू आली. माणसं टपावर, दांड्यांना, पायऱ्यांना लटकलेली. कुणी हार घातले, कुणी रडलं.

मध्यरात्रीच्या सुमाराला दोघं चाळीत परतले. आजीनं भाकरी झाकून ठेवली होती. आबा जेवले नाहीत, नुसतं पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून बसले. बऱ्याच वेळानं आजीनं विचारलं, "झाली बंद?"

"झाली."

"मग आता पानी सोडतील व्हय आमच्याकडं?"

अण्णा म्हणतात, आबा आधी हसणार होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे समजावलं. तसं नसतं. ट्राम गेली तरी त्या विजेवर गिरण्या चालतात, लोकल चालते, इस्पितळं, दुकानं, रस्त्यावरचे दिवे. "हा बघ," त्यांनी वर बोट केलं, "हा डोक्यावरचा बल्ब."

आजीनं मान वर करून बल्बकडे पाहिलं. खोलीत सात माणसं झोपलेली होती.

"मंग त्यो तरी घालवा," ती म्हणाली. "समद्यांची जेवनं झाल्यात."